आठ वाजताची गोळी : पाळी बदलताना बेडपाशी काय बोललं जातं?

पेटची तयारी करणारे बरेच जण मला एकच गोष्ट विचारतात, "विषय सापडतो कसा?" याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. माझा विषय मला कसा सापडला, तेवढं सांगू शकते. त्या निमित्ताने इतिहासाचा प्रश्न कसा उभा राहतो, पुरावा कुठे असतो आणि कुठे नसतो, हेही बघू.

मी मूळची पोलादपूर तालुक्यातली. एम.एस्सी. प्राणिशास्त्रात केलं, पीएच.डी. विज्ञानाच्या इतिहासात करतेय. या उडीमागे एक विंचू आहे.

सातवीतला एक मे महिना

मी सातवीत होते. पाऊस तोंडावर आलेला. पडवीबाहेरचा लाकूडफाटा आत घ्यायचं काम चाललं होतं आणि आजीच्या हाताला लाल विंचू चावला. जीप मिळवून तिला दवाखान्यात पोचवेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले. तोवर तिला दोनदा उलटी झाली होती, लुगडं घामाने भिजलं होतं आणि ऐन मे महिन्यात तिचे पाय माठाच्या बुडासारखे गार पडले होते.

पाच वाजता पहिली गोळी दिली. दर तीन तासांनी एक, म्हणजे पुढची आठला. आठला पाळी बदलते. दुपारपाळीच्या सिस्टरने विचार केला असणार की जाण्याआधी आपणच देऊन टाकावी. आठला दहा मिनिटं कमी असताना तिने गोळी दिली, केस पेपरवर लिहिलं, सही केली. ती दुसऱ्या बेडकडे वळली आणि आजीला पुन्हा उलटी झाली. मी टॉवेलने पुसून घेतलं. त्यात गोळीही गेली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी कोणालाच काही बोलले नाही.

मग रात्रपाळीची सिस्टर आली. दोघी आजीच्या बेडपाशी उभ्या राहिल्या. जाणारी सांगत होती, "विंचूदंश. पाचला पहिली गोळी, आठची आत्ताच दिली. बीपी अजून वर आहे. उठवायचं नाही, बसवायचं पण नाही. लघवीला भांडं द्यायचं." येणारीने ऐकता ऐकता आजीच्या पावलांवर हात ठेवला, मग पोटऱ्यांवर. आणि आजी डोळे मिटूनच म्हणाली, "गोळी कुठं ऱ्हायली बाय पोटात, ओकले ना मी."

दोघींनी एकदम केस पेपरकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान हलवली. डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांच्या सांगण्यावरून गोळी परत दिली.

आजी वाचली. त्या एका वाक्यामुळे वाचली असं मी म्हणणार नाही. कदाचित तशीही वाचली असती. एका प्रसंगावरून कार्यकारणभाव ठरवायचा नसतो, हे संशोधनात तुम्हाला सुरुवातीलाच शिकवतील. पण एक गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. केस पेपरवर जे लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. लिहिलं तेव्हा खरंच होतं. पाच मिनिटांत ते जुनं झालं. आणि ते जुनं झालंय हे माहीत असलेली दोनच माणसं त्या खोलीत होती. त्यातली एक बेडवर पडलेली, दुसरी शाळेतली मुलगी. दोघी सिस्टर टेबलाशी बसून कागदावरून बोलल्या असत्या, तर ते वाक्य आलंच नसतं.

आधी शब्द नीट करून घेऊ

एका पाळीची परिचारिका आपले रुग्ण दुसऱ्या पाळीच्या परिचारिकेच्या हवाली करते, त्याला वॉर्डात "हँडओव्हर" किंवा "चार्ज देणं-घेणं" म्हणतात. अनेक सरकारी रुग्णालयांत पाळ्या साधारण सकाळी 8 ते 2, दुपारी 2 ते 8 आणि रात्री 8 ते सकाळी 8 अशा असतात. म्हणजे चोवीस तासांत तीन वेळा रुग्णाबद्दलची सगळी माहिती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जाते. ती जाते तीन वाटांनी : कागदावरून, तोंडी, आणि बेडपाशी डोळ्यांनी-हातांनी. माझा अभ्यास या तिसऱ्या वाटेचा आहे.

तुम्ही म्हणाल, यात इतिहास काय? परिचारिका तर हे रोज करतात. हाच पहिला धडा समजा. जी गोष्ट रोज होते आणि म्हणूनच कोणी लिहून ठेवत नाही, तिचा इतिहास सगळ्यात अवघड आणि बहुतेक वेळा सगळ्यात मोलाचा असतो.

नाइटिंगेलबाईंचा प्रश्न

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला क्रिमियाचं युद्ध आणि हातातला दिवा आठवतो. तिचं 1859 चं "नोट्स ऑन नर्सिंग" हे छोटं पुस्तक मात्र थोडेच जण उघडतात. जरूर उघडा. त्यात एक प्रकरण बारीकसारीक व्यवस्थेबद्दल आहे. तिचा मुद्दा थोडक्यात असा : तुम्ही हजर असताना जे करता, ते तुम्ही नसतानाही होत राहील याची सोय केली नसेल, तर तुमची सगळी शुश्रूषा वाया जाऊ शकते. हँडओव्हर हा शब्द ती वापरत नाही, पण प्रश्न तोच आहे.

निरीक्षणावरच्या प्रकरणात ती आणखी एक कामाची गोष्ट सांगते. "रात्र बरी गेली का?" असलं विचारू नका. किती तास झोप लागली, कोणत्या वेळी लागली, ते विचारा. "बरं आहे" या उत्तरातून पुढच्या माणसाला काहीच मिळत नाही. रुग्णाच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजत बोलण्याला तर ती क्रूरपणाच म्हणते, कारण आजारी माणूस सगळा जीव कानात आणून ते ऐकायची धडपड करतो. बेडपाशी बोलायचं तर रुग्णाला कळेल असं बोला, त्याच्या डोक्यावरून नको, हा विचार इतका जुना आहे.

पुढे रुग्णालयं मोठी झाली तसं हे बोलणं बेडपासून लांब गेलं. परदेशात काही ठिकाणी जाणारी परिचारिका टेपवर रिपोर्ट बोलून ठेवायची आणि येणारी तो ऐकायची, असाही काळ होऊन गेला. हे वाईट हेतूने झालं नाही. हिशोब करून बघा. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात 30 बेड असतात. प्रत्येक बेडपाशी दोन मिनिटं धरली तर हँडओव्हरला एक तास लागतो. घरी जायची बस चुकते. त्यात सगळ्या वॉर्डाला एकच सिस्टर असेल तर तो तासभर बाकीच्यांकडे कोण बघणार? बेडपाशी जावं की टेबलाशी बसावं, हा प्रश्न नेहमी मनुष्यबळाशी बांधलेला आहे. याचा इतिहास लिहिताना नुसतं "पूर्वी चांगलं होतं" असं लिहिलंत तर तुमचे गाइड पहिल्याच पानावर लाल रेघ मारतील.

बिरवाडी, 1976

आता महाडकडे येऊ. माझ्या गावाजवळच जगातल्या वैद्यकाने दखल घेतलेलं एक संशोधन झालं आणि ते बेडपाशी झालं, हे मला एम.एस्सी. होईपर्यंत माहीत नव्हतं.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेले रुग्ण येत होते आणि त्यातले बरेच दगावत होते. तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांतून या दंशाचं नीट वर्णन मिळत नव्हतं. विंचू म्हणजे वेदना, वेदनेवर इंजेक्शन, असा सर्वसाधारण समज. पण इथले रुग्ण वेदनेने मरत नव्हते. आधी उलट्या, घाम, लाळ, हातपाय गार. मग रक्तदाब चढायचा, हृदयावर ताण यायचा, फुप्फुसात पाणी भरायचं, तोंडाला लालसर फेस यायचा.

हा क्रम कसा कळला? रुग्णापाशी थांबून, तासातासाला बघून, लिहून. 1982 मध्ये बावस्करांचा लेख "लॅन्सेट"मध्ये आला. विषय होता लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयाचा त्रास सुरू होण्याआधीची पूर्वलक्षणं. म्हणजे पुढे काय होणार हे आधी ओळखायचं कसं. 1986 मध्ये "लॅन्सेट"मध्येच प्राझोसिनबद्दलचा लेख आला, डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबत. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी. विंचवाच्या विषाने शरीरात जी रसायनं उसळतात, त्यांचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम ती अडवते. प्राझोसिनच्या आधी गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस दगावायचे आणि नंतर हे प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं, असं बावस्करांच्या लेखनात येतं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आजीला मिळालेली गोळी हीच होती.

घड्याळ आणि पाळी

या उपचाराचं वेळापत्रक इतिहासाच्या चष्म्यातून बघा. सांगितलेली पद्धत अशी : नाडी, रक्तदाब आणि श्वास पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने बघायचे, पुढचे सहा तास दर तासाने, आणि नंतर बरं वाटेपर्यंत दर चार तासांनी. गोळी दर तीन तासांनी, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत. आणि रुग्णाला आडवंच ठेवायचं, कारण या गोळीने उभं राहताच रक्तदाब एकदम पडू शकतो.

आता संध्याकाळी पाचला आलेला रुग्ण धरा. पाच ते आठ, अर्ध्या तासाने एक, अशा सहा नोंदी. आठ ते पहाटे दोन, तासाला एक, अशा आणखी सहा. गोळ्या पाचला, आठला, अकराला, दोनला. पाळी बदलते आठला. म्हणजे पहिल्या सहा नोंदी एकीच्या, पुढच्या सहा दुसरीच्या आणि दुसरी गोळी बरोबर दोघींच्या मधल्या फटीत. आजीची गोळी याच फटीत पडली होती.

शिवाय उपचार थांबवायचा कधी? "हातपाय गरम झाल्यावर." हे कुठल्याच यंत्रावर दिसत नाही. पाचला पाय किती गार होते, घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, हे ज्या हाताला माहीत आहे तो हात आठला घरी जातो. येणाऱ्या हाताने तिथेच, त्याच वेळी पाय चाचपून बघितले नाहीत, तर अकरा वाजता "आता गरम वाटतायत" याला काही अर्थ उरत नाही. कशाच्या तुलनेत गरम? म्हणून त्या रात्री येणाऱ्या सिस्टरने ऐकता ऐकता आजीच्या पावलांना हात लावला, ती मायेची गोष्ट तर होतीच, पण ती मोजणीही होती. नवीन निरीक्षक जुन्या निरीक्षकाशी आपलं माप जुळवून घेत होता. प्रयोगशाळेत आपण उपकरणाचं कॅलिब्रेशन करतो, तेच.

पुरावा : एकीकडे भरपूर, दुसरीकडे शून्य

जानेवारी 2011 मध्ये बावस्कर दांपत्याचा आणखी एक अभ्यास "बीएमजे"मध्ये आला. महाडमध्ये झालेली यादृच्छिक चाचणी. 70 रुग्ण, दोन गटांत 35-35. एका गटाला प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस, दुसऱ्याला फक्त प्राझोसिन. दहा तासांनी पहिल्या गटातले 32 पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्यातले 8. तालुक्याच्या गावात, मोठ्या संस्थेशिवाय अशी चाचणी होऊ शकते, हे तुम्ही लक्षात ठेवा. "आमच्याकडे सोयी नाहीत" हे वाक्य मी त्यानंतर कमी वापरते.

आता दुसरी बाजू. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय जाहीर केले, त्यातला एक हँडओव्हरच्या वेळच्या संवादाचा होता. म्हणजे प्रश्न महत्त्वाचा, हे मान्य झालं. पण 2014 मध्ये कॉक्रेनच्या अभ्यासकांनी परिचारिकांच्या हँडओव्हरची कोणती पद्धत जास्त चांगली, यावरचे सगळे अभ्यास चाळले, तेव्हा त्यांच्या निकषांत बसणारा एकही अभ्यास त्यांना मिळाला नाही. एकही नाही!

हे वाचून दोन चुका होतात. पहिली : "म्हणजे बेडपाशी हँडओव्हर करून उपयोग नाही." असं ते म्हणत नाहीत. पुरावा नसणं आणि परिणाम नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी : "उपयोग तर उघडच आहे, पुरावा कशाला?" विंचवावर अट्रोपीन देणंही कधीकाळी कोणाला तरी उघडच योग्य वाटलं होतं. नंतर ते घातक ठरतं असं दिसलं. गोळीची चाचणी झाली, कारण गोळी मोजता येते. गोळी पोटात राहिली की नाही हे जिच्यामुळे कळलं, त्या पद्धतीची तशी चाचणी झाली नाही. माझा प्रश्न इथे तयार झाला : मोजणी करणारी माणसं आपल्या लेखांत लेखक म्हणून का दिसत नाहीत?

बावस्करांच्या लेखांवर लेखक म्हणून डॉक्टरांची नावं आहेत, आणि ती रास्तच आहेत. पण कुठल्याही वॉर्डात रात्री दोनची नोंद बहुतेक वेळा परिचारिकेच्या अक्षरात असते. छापील तक्त्यात ते अक्षर पुसलं जातं आणि आकडा उरतो. विज्ञानाच्या इतिहासात हे सगळीकडे सापडेल. तुमच्या विषयातही शोधा.

मग शोधायचं कुठे?

हा भाग तुमच्या थेट कामाचा आहे, म्हणून सावकाश वाचा.

पहिली गोष्ट, नावं बदलतात. आज आपण रायगड जिल्हा म्हणतो, पण 1 जानेवारी 1981 पर्यंत त्याचं नाव कुलाबा होतं. बावस्कर बिरवाडीला आले ते कुलाबा जिल्ह्यात. जुने आरोग्य अहवाल "रायगड" टाकून शोधलेत तर हाती काही लागणार नाही आणि तुम्ही समजाल की नोंदीच नाहीत. विंचवाचंही तसंच. जुन्या लेखांत तो मेसोब्युथस टॅम्युलस आहे, आता बरेच जण हॉटेनटोटा टॅम्युलस लिहितात. माझे सुरुवातीचे तीन आठवडे या दोन नावांमुळे फुकट गेले. तुमचे जाऊ नयेत.

दुसरी गोष्ट, कागद टिकत नाही. वॉर्डाची रिपोर्ट बुकं ठरावीक काळानंतर निकालात काढतात. त्यात महाड सावित्री आणि गांधारीच्या काठावर. 22 जुलै 2021 च्या पुराने शहर बुडालं होतं. तळमजल्यावरच्या कागदाचा भरवसा इथे कोणी देत नाही. आणि कागद टिकला तरी त्यात "आठची गोळी दिली" एवढंच असणार. आजीचं वाक्य त्यात नसणार. बोललेलं कागदावर उतरतं तेव्हा दुरुस्ती गाळली जाते, फक्त शेवटचं बरोबर उत्तर राहतं.

तिसरी गोष्ट, म्हणून माणसांकडे जावं लागतं. निवृत्त परिचारिका हाच माझा मुख्य स्रोत आहे. मुलाखतीला गेल्यावर मी आधी चूक करायचे. विचारायचे, "तुम्ही हँडओव्हर कसा द्यायचात?" उत्तर यायचं, "नियमाप्रमाणे." नाइटिंगेलबाई हसल्या असत्या. आता मी विचारते, "रात्रपाळीला आल्यावर पहिल्यांदा कोणत्या बेडकडे जायचात? का? हात कुठे लावायचात?" मग बोलणं सुरू होतं. एका निवृत्त सिस्टरनी खुर्चीवरून उठून, माझा पाय धरून दाखवलं की पंजाच्या मागच्या बाजूने का बघायचं, तळव्याने का नाही. आपला तळवा कामाने राठ झालेला असतो, त्याला गारवा उशिरा कळतो, असं त्या म्हणाल्या. हे कुठल्याही रिपोर्ट बुकात मिळणार नाही.

चौथी गोष्ट, नैतिकता. बेडपाशी बोललेलं शेजारच्या बेडलाही ऐकू जातं. विंचूदंश असेल तर ठीक. पण गर्भपात, क्षयरोग, एचआयव्ही? अनुभवी परिचारिका यासाठी स्वतःच्या युक्त्या काढतात. नाजूक तेवढं टेबलाशी, बाकी बेडपाशी. संशोधक म्हणून तुम्हालाही हीच रेघ ओढावी लागेल. नैतिकता समितीची मंजुरी आल्याशिवाय वॉर्डात वही उघडायची नाही, आणि रुग्णाची ओळख पटेल असं काही टिपायचं नाही. आजीची गोष्टसुद्धा मी घरच्यांना विचारून लिहिली आहे.

शेवटी तुमच्यासाठी एक काम

प्रस्ताव लिहायला बसण्याआधी हे करून बघा. तुमच्या विषयातली अशी एक जागा शोधा, जिथे माहिती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. प्रयोगशाळेत पाळी बदलताना, शेतात पाण्याची बारी बदलताना, एसटी डेपोत गाडी ताब्यात देताना. तिथे काय लिहिलं जातं, काय नुसतं बोललं जातं आणि काय फक्त हाताने दाखवलं जातं, याचे तीन रकाने करा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पुन्हा जाऊन बसा. पहिल्या दिवशी तो भरत नाही, माझाही भरला नव्हता.

आणि तिथे कोणी म्हातारं माणूस डोळे मिटून काही पुटपुटत असेल, तर ते आधी ऐका. मी त्या रात्री गप्प बसले होते. आजी बोलली म्हणून चूक कळली.